उन्हाला न भिणारी पेटी

अमळनेरच्या स्टेशन रोडला, पिठाच्या गिरणीला लागून एक दीड खणाचं दुकान होतं. पाटी लहान आणि अक्षरं त्याहून लहान: 'येथे रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्त होतील.' नवं गिऱ्हाईक आत डोकावलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"मेकॅनिक कुठे गेले, बाई?"

आणि स्टुलावर बसलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेली बाई हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली न ठेवताच म्हणायची, "मेकॅनिकच बोलतेय. काय बिघडलंय?"

ही केसरबाई बैसाणे. माहेरची तायडे, भुसावळची. वडील भिकन तायडे रेल्वेच्या वायरलेस वर्कशॉपात होते. सुटीच्या दिवशी ते ओसरीत शेजारपाजारच्यांचे मुके झालेले रेडिओ उघडून बसत आणि केसर त्यांच्या मांडीला मांडी लावून. इतर पोरी सागरगोटे खेळत तेव्हा ही रंगीत पट्ट्यांवरून रेझिस्टन्स ओळखायला शिकली. मॅट्रिकला गणितात तिला शंभरापैकी एक्क्याण्णव मिळाले. पुढं शिकायचं म्हटलं तर घरात पाठची चार भावंडं होती. मग लग्न झालं आणि ती अमळनेरला आली.

नवरा आधार तेलाच्या कारखान्यात फिटर होता, पण जीव सगळा गाण्यात. त्याची स्वतःची गायन पार्टी होती. बुद्धपौर्णिमा, चौदा एप्रिल, लग्नं, बारशी, सगळीकडे त्यांना बोलावणं असे. आधार पेटी वाजवायचा आणि वाजवताना डोळे मिटून घ्यायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांचा बंद पडलेला रेडिओ केसरनं घटकाभरात बोलता केला, तेव्हा दुकानाची कल्पना पहिल्यांदा त्याच्याच डोक्यात आली. "लोके हासतीन," ती म्हणाली, सासरची बोली नुकतीच जिभेवर बसत होती म्हणून जरा अडखळत. "हासू दे," आधार म्हणाला. "रेडिओ ते हासाव नही ना?"

पंधरा वर्षांत हसणारे थकले. सगळा तालुका तिला अक्का म्हणू लागला.

पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुकानावरून एक वरात चालली होती. बँड धुळ्याचा होता, मोतीलालभाऊंचा. पण त्या दिवशी नेहमीच्या पितळी वाद्यांच्या मागे एक हातगाडी होती, गाडीवर दोन कर्णे, आणि मध्ये हातभर लांबीची काळी चपटी पेटी. भाता नाही, फुंकर नाही, तारा नाहीत. वाजवणारा नुसती बोटं टेकवत होता आणि गिरणीची घरघर बुडून जाईल असा भरघोस सूर निघत होता.

केसरनं दुकान उघडं टाकलं आणि वरातीबरोबर चालू लागली. लोक नवरदेव बघत होते, ही हातगाडी बघत होती. मारुतीच्या पारापाशी वरात थांबली तेव्हा तिनं मोतीलालभाऊंना गाठलं.

"भाऊ, हे वाजतं कशानं?"

"विजेवर, अक्का."

"वीज इस्त्रीत पण असते. ती गात नाही. आत काय आहे?"

मोतीलालभाऊ मिशीत हसले. "त्याना पोटमा जपान शे, अक्का. उघाडं ते बंद पडी जाई."

घरी आल्यावर आधारनं तिचा चेहरा बघितला आणि त्याला कळलं. पार्टीतले गडी कितीतरी दिवस कुरकुरत होते की लाउडस्पीकरच्या गदारोळात पेटी कुणाला ऐकूच येत नाही. पण ते परदेशी यंत्र घेण्याची ऐपत पार्टीत कुणाचीच नव्हती. "घ्यायचं नाही," केसर म्हणाली. "करायचं."

करायचं म्हणजे काय, हे तिला थोडं माहीत होतं. सूर म्हणजे हवेतली थरथर. तीच थरथर तारेतल्या विजेला दिली आणि ती कर्ण्यात सोडली की कर्णा गातो. ट्रान्झिस्टर, दोन कंडेन्सर आणि चार रेझिस्टन्स नीट जोडले की वीज आपोआप झोके घ्यायला लागते. झोका जितका भराभर तितका सूर उंच. सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या, म्हणून अशी बारा सर्किटं. खालच्या सप्तकासाठी प्रत्येक सूर निम्मा करायचा, त्याच्या खालच्यासाठी पुन्हा निम्मा. एवढं तिनं इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांतून, डिक्शनरी मांडीवर घेऊन, एकेका वाक्याशी झगडून काढलं.

आधारच्या आजोबांची एक फुटक्या भात्याची पेटी माळ्यावर पडून होती. तिच्या पट्ट्या काढल्या. भुसावळच्या भंगार बाजारातून रेल्वेच्या लिलावात निघालेले जुने रिले, विजेनं उघडझाप होणारे स्विच, आणले आणि त्यांच्यातल्या लवचिक पितळी पात्या पट्ट्यांखाली बसवल्या. पट्टी दाबली की पाती टेकते आणि सूर सुटतो. दिवाळी गेली, संक्रांत आली, आणि एका रविवारी सकाळी आधारनं त्या उघड्या, तारांनी भरलेल्या खोक्यावर बोटं ठेवली. खोलीतले पेले किणकिणले. तो वाजवायचा थांबला आणि बायकोकडे बघत राहिला.

"हाई तू करं?"

"मग कोण? जपान?"

उरलेला हिवाळा ती पेटी गाजली. चोपडा, पारोळा, एरंडोल. 'विजेची पेटी' बघायला म्हणून लोक यायचे. केसरबाईंना वाटलं, जमलं.

मग मे महिना आला.

बोदवडला लग्न होतं, भर दुपारी बाराचं. खानदेशातल्या मे महिन्याबद्दल खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. पत्र्याच्या मांडवात हवा अशी तापली होती की लोखंडी खुर्चीला हात लागला तर माणूस ओरडावा. बँड मोतीलालभाऊंचाच होता आणि मंगलाष्टकांनंतर आधारच्या पार्टीची गाणी. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्याला आधारच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्याला गाणारे एकमेकांकडे बघायला लागले. एक सूर खाली घसरत होता, शेजारचा जागेवर होता, तिसरा भलत्याच अंगाला चालला होता. बाराही सर्किटं तापली होती आणि प्रत्येक आपापल्या मर्जीनं. पाचव्या ओळीला तर असं काही कण्हणं निघालं की वऱ्हाडातली पोरं खिदळली.

मोतीलालभाऊ मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "अक्का, तुमनी पेटीले ऊन लागनं! तिना नाकले कांदा लावा!"

सगळा मांडव हसला. आधारनं शांतपणे बटण बंद केलं आणि नुसत्या ढोलकीवर गाणं पुरं केलं. परतीच्या गाडीत, भुसावळच्या पुढे, आधारनं म्हटलं, "सूर गया ते गया. तू कशाले रडस?"

"रडत नाही," केसर म्हणाली. "विचार करते."

तिनं त्या उन्हाळ्यात पेटीचे बारा हाल केले. महागातले कंडेन्सर घातले. थर्मोकोलचं खोकं केलं. ओलं गोणपाट गुंडाळलं. कशानं अर्धा तास तगायची, कशानं पाऊण. पण पत्र्यावर नेऊन ठेवली की तासाभरात बाराही सूर बारा वाटांना. शेवटी ती पेटी घेऊन भुसावळला बापाकडे गेली.

भिकनआबा रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. कान जरा जड झाले होते, पण हात तेच. त्यांनी पेटी उघडली, आतली सगळी मांडणी बघितली आणि मान डोलावली.

"काम चोख आहे, पोरी. चूक कामात नाही. तू बारा जणांना बारा घड्याळं दिली आणि म्हणतेस सगळ्यांची वेळ एक हवी. उन्हात प्रत्येक घड्याळ निराळं पळणार."

"मग काय करू, आबा?"

"घड्याळ एकच ठेव." ते आत गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. त्यातून नखाएवढी, दोन पायांची एक चपटी धातूची डबी काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली. "लिलावातल्या भंगारात घेतली होती. आत गारगोटीची चकती आहे, क्वार्ट्झ. वीज दिली की थरथरते, सेकंदाला वीस लाख वेळा. वर्कशॉपातला वायरलेस सेट उन्हाळ्यात अठ्ठेचाळीस अंशांत नि थंडीत नऊ अंशांत एकच स्टेशन कसा धरून बसायचा? हिच्या जोरावर. ही ऊन जाणत नाही."

"पण आबा, वीस लाख म्हणजे कुत्र्यालासुद्धा ऐकू येणार नाही."

"मग भाग त्याला," आबा म्हणाले. "गणितात एक्क्याण्णव कुणाला होते?"

भागायचं, पण कशानं? मोजणाऱ्या आयसी बाजारात मिळत होत्या. अमुक इतके झोके मोज आणि मग एक ठोका दे, असं त्यांना शिकवता येत होतं. पण आयसी साडेतीन मोजत नाही, तिला पूर्ण आकडाच लागतो. बारा सुरांना बारा पूर्ण आकडे हवे होते, असे की प्रत्येक आकडा शेजारच्यापेक्षा सारख्याच पटीनं मोठा आणि बारा पावलांत बरोबर दुप्पट. केसरनं ट्रंकेतून आपलं मॅट्रिकचं लॉगटेबल काढलं. दोनचा लॉग काढून त्याला बारानं भागलं. पट मिळाली: एक पूर्णांक शून्य पाच नऊ पाचच्या आसपास.

आता शंभरापासून सुरुवात केली तर पुढचा एकशे सहा, मग एकशे बारा, एकशे एकोणीस. कुठं अर्धा जास्त, कुठं अर्धा कमी. कागदावर अर्धा म्हणजे काहीच नाही, पण आधारच्या कानाला तो खडा लागणार. तिनं एकशे एकपासून केलं. एकशे दोनपासून. दुकानात एका बाजूला रेडिओ उघडे, दुसऱ्या बाजूला जुन्या कॅलेंडरची पानं, कोऱ्या बाजूनं आकड्यांनी भरलेली. गिऱ्हाईक बोलत असायचं आणि अक्का ओठांत पुटपुटत. आधार कारखान्यातून आला की विचारायचा, "कोठे पोहचनी?" आणि ती म्हणायची, "एकशे चौऱ्याऐंशी." आठवड्यानं, "दोनशे अकरा."

दोनशे एकोणचाळीसला तिचा हात थांबला. दोनशे एकोणचाळीस, दोनशे त्रेपन्न, दोनशे अडुसष्ट, दोनशे चौऱ्याऐंशी, तीनशे एक. पुढचा प्रत्येक आकडा गणितात बसत होता आणि पूर्ण संख्येच्या अगदी काठावर येऊन उभा राहत होता. चारशे एक्कावन्नपर्यंत ती पोचली, मग पुन्हा उलट मोजत खाली आली. मग तिसऱ्यांदा. नंतर ती उठली, शेजारच्या गिरणीत गेली आणि गिरणीवाल्याला म्हणाली, "भाऊ, मला कुणाला तरी सांगायचंय आणि आमचे अजून आले नाहीत. सापडले."

"काय सापडनं, अक्का?"

"बारा आकडे."

गिरणीवाल्यानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि पेढे आणायला माणूस पाठवला. कशाबद्दल ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मुंबईहून आयसी मागवायला, बोर्ड बांधायला, चुका काढायला दीड वर्ष गेलं. बारा आयसी मोजणाऱ्या, बारा निम्मं-निम्मं करत खाली उतरणाऱ्या, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ती नखाएवढी डबी. अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात तिनं पेटी पत्र्यावर चढवली, एक पट्टी दाबून राहील असा तिच्यावर दगड ठेवला, लांब वायर खाली घरात आणली आणि स्पीकर माठाशेजारी ठेवला. आधार त्याच गारव्यात साधी पेटी घेऊन बसला. दोन सूर जरा जरी वेगळे असले तर एकत्र वाजताना त्यांच्यात लाट उठते, वांव-वांव-वांव असा आवाज येतो. ती लाट ऐकायची होती.

एक वाजला. दोन वाजले. वर पत्र्यावर अंडं तळलं गेलं असतं. केसर भिजलेला पदर डोक्यावर घेऊन शिडीच्या टोकाला उभी होती.

"येतेय का लाट?"

"नही!"

तीन वाजले.

"आता?"

विचारता विचारताच ती शिडी उतरून आत आली. आधार डोळे मिटून आपला सूर स्पीकरच्या सुराला धरून बसला होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "दोन नही, केसर," तो म्हणाला. "एकच शे."

त्यानंतरचा मे महिना धुळ्याचा. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सोळा गायन पार्ट्यांचा मेळा होता, दुपारी चारला सुरुवात, मैदानात पत्र्याचा मांडव, दोन हजार माणूस. पंच होते रुपचंदनाना, सत्तरीचे, ज्यांच्या हातच्या पेट्या साऱ्या खानदेशात वाजत. आरंभाला सोळाही पार्ट्यांनी आणि मोतीलालभाऊंच्या बँडनं मिळून एक वंदना म्हणायची होती. आणि नेमकं तिथंच अडलं. क्लॅरिनेट उन्हात वर चढलेली, पेट्या खाली उतरलेल्या, आणि सोळा पेट्यांचं आपसात जमेना. मोतीलालभाऊंचं परदेशी यंत्र त्या दिवशी त्यांच्या दुसऱ्या ताफ्याबरोबर शिरपूरला लग्नात गेलेलं. अर्धा तास नुसता कालवा चालला होता.

"आमची पेटी आहे ना," केसरबाई म्हणाल्या.

मोतीलालभाऊंनी वळून बघितलं. "तीच का, बोदवडवाली? जिले ऊन लागनं व्हतं?"

आजूबाजूचे हसले. रुपचंदनाना हसले नाहीत. ते काठी टेकत आले आणि खिशातून सुराचा काटा काढला, दोन टोकांचा पोलादी. गुडघ्यावर मारून कानाशी नेला. "पांढरी सहा," ते म्हणाले. आधारनं पट्टी दाबली. नानांनी मान तिरपी केली. एकदा ऐकलं, पुन्हा काटा मारला, पुन्हा ऐकलं.

"सूर बरोबर आहे," ते म्हणाले. "पण आत्ताच सावलीतून काढली असेल."

"नाना," केसरबाई म्हणाल्या, "खुशाल उन्हात ठेवा. वर पाहिजे तर काळं कापड टाका."

खरोखर दोघा गड्यांनी पेटी उचलून मैदानात ठेवली. काळी ताडपत्री टाकली. वायर मांडवात. नाना खुर्ची घेऊन बसले, हातात घड्याळ. मेळा राहिला बाजूला, लोक पेटीभोवती गोळा झाले. कुणी म्हणे पाच मिनिटांत रडेल, कुणी म्हणे दहा. केसरबाई खांबाला धरून उभ्या होत्या. आकडे डोक्यात आपोआप चालू होते: तीनशे एकोणीस, तीनशे अडतीस, तीनशे अठ्ठावन्न. आकडे वितळत नाहीत, एवढंच त्या मनाशी म्हणत होत्या.

अर्धा तास झाला. ताडपत्री उचलली तेव्हा पेटीच्या लाकडाला हात लावणाऱ्या गड्यानं "अरे बापरे" करून हात मागं घेतला. नाना उठले. काटा गुडघ्यावर मारला, कानाशी धरला. आधारनं पट्टी दाबली. मैदानात इतकी शांतता होती की रस्त्यावरून जाणाऱ्या टांग्याची घुंगरं ऐकू आली.

नाना काटा कानाशी धरून तसेच उभे राहिले, काट्याचा आवाज विरून जाईपर्यंत. मग त्यांनी मांडवाकडे तोंड केलं आणि त्या म्हाताऱ्या छातीतून कसा निघाला कुणास ठाऊक, असा आवाज काढला:

"बठ्ठा आठे या रे! सूर आठे शे!"

आणि सगळे आले. पेटीवाल्यांनी आपापल्या पेट्या मिटून ठेवल्या, ढोलकीवाले, क्लॅरिनेटवाले पुढे झाले. एकेक जण गुडघे टेकून आपलं वाद्य त्या पेटीला मिळवू लागला. सहावा नंबर मोतीलालभाऊंचा लागला. स्वतःची क्लॅरिनेट घेऊन ते बसले, सांधा जरासा ओढला, फुंकलं, परत ओढला, फुंकलं. सूर जुळला तसे ते उठले आणि केसरबाईंपुढे हात जोडले.

"अक्का, बोदवडले मी जे बोलनू…"

"ते खरंच होतं, भाऊ," केसरबाई म्हणाल्या. "लागलंच होतं तिला ऊन. तुम्ही हसला नसता तर मी कांदाच लावत बसले असते."

वंदना सुरू झाली तेव्हा सोळा पार्ट्या, सबंध बँड आणि दोन हजार गळे एका सुरात होते. मांडवाचा पत्रा थरथरत होता. बायका लेकरं वर उचलून दाखवत होत्या की ती बघ, ती बाई, तिनं केली. पहिलं बक्षीस त्या वर्षी दोंडाईच्याच्या पार्टीनं नेलं, आधारच्या पार्टीला तिसरं मिळालं, आणि त्याची खंत कुणालाच नव्हती.

मोतीलालभाऊंनी तिथंच पहिली पेटी सांगितली. मग नंदुरबार, साक्री, चाळीसगाव, यावल. केसरबाईंनी गल्लीतल्या तानुबाई आणि बेबाबाई या दोघींना सोल्डरिंग शिकवलं. तिघी मिळून महिन्याला एक पेटी उठवू लागल्या. लोक तिला केसरपेटीच म्हणायला लागले. ब्याण्णवपर्यंत चौतीस झाल्या होत्या.

त्याच वर्षी भुसावळहून निरोप आला. रेल्वे कॉलनीतल्या जुन्या चर्चमध्ये एक विजेचा ऑर्गन होता, पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी परदेशातून भेट पाठवलेला, कपाटाएवढा. वीज पडल्यापासून चार वर्षं मुका होता. मुंबईचे दोन मेकॅनिक बघून गेले आणि म्हणाले, भंगारात काढा, ह्याची आयसी आता जगात मिळत नाही. फादरना कुणीतरी भिकनआबांच्या लेकीचं नाव सांगितलं होतं.

केसरबाई आणि आधार गेले. ऑर्गन वाजवणाऱ्या मिसेस पिंटो, पंचाहत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या, रोज येऊन त्या मुक्या ऑर्गनवरची धूळ पुसायच्या. "तू उघडणार?" त्यांनी संशयानं विचारलं. "बाई आहेस म्हणून नाही विचारत. हा फार हळवा आहे."

केसरबाईंनी मागची फळी काढली. फळीच्या आतल्या अंगाला सर्किटचा एक घडी घातलेला कागद चिकटवलेला होता. त्यांनी तो जपून उलगडला. मधोमध एक चौकोन, त्यात एक मोठी आयसी. तिच्यात एका बाजूनं वीस लाखांची थरथर शिरत होती आणि दुसऱ्या बाजूनं बारा रेघा बाहेर पडत होत्या. प्रत्येक रेघेवर एक आकडा.

त्या फरशीवर बसल्या.

"अहो," त्यांनी आधारला हाक मारली. "जरा वाचा. माझे डोळे बरोबर बघतायत का सांगा."

आधारनं चष्मा लावला. "दोनशे एकोणचाळीस," त्यानं वाचलं. "दोनशे त्रेपन्न. दोनशे अडुसष्ट…" तो थांबला. सबंध एक पावसाळा हे आकडे त्यानं जेवताना, झोपताना ऐकले होते. पुढचे त्यानं कागदाकडे न बघताच म्हटले, आणि केसरबाईंचं बोट कागदावर एकेका आकड्याखाली सरकत गेलं. चारशे दोन. चारशे सव्वीस. चारशे एक्कावन्न. एकही चुकला नाही.

फादरना काही कळेना. आधारनं सांगितलं तेव्हा ते हळहळून म्हणाले, "म्हणजे हे आधीच कुणी शोधून ठेवलं होतं? तुम्हाला वाईट वाटत असेल."

"वाईट?" केसरबाईंचे डोळे लखलखत होते. "फादर, मी मॅट्रिक. माझं गणित तपासायला इकडे कोणी नव्हतं. पाच वर्षं मनात होतं की कुठंतरी एखादा चुकला असेल. समुद्रापलीकडच्या इंजिनियरांनी केलं आणि आमच्या गिरणीच्या भिंतीला टेकून मी केलं, आणि दोघांचं उत्तर एक आलं. आणखी काय पाहिजे?"

मग त्या उठल्या आणि कामाला लागल्या. ती मोठी आयसी विजेनं जळाली होती, बाकी बरंचसं शाबूत होतं. जगात मिळत नाही ते अमळनेरच्या दुकानात चौतीस वेळा तयार झालं होतं. त्यांनी फक्त बारा मोजणाऱ्या आयसींचा, पाटीएवढा एक बोर्ड बांधला. तीन आठवड्यांनी तो घेऊन त्या परत आल्या आणि मेलेल्या आयसीच्या पायांच्या जागी बारा तारा एकेक करून जोडल्या. परदेशी आयसी बोटाच्या पेराएवढी होती, ह्यांचा बोर्ड तिच्या शंभरपट. आत जागा भरपूर होती.

रविवारी सकाळी चर्च भरलं. भिकनआबांना मुद्दाम पुढच्या बाकावर बसवलं होतं. मिसेस पिंटो बसल्या, बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि तशाच राहिल्या, दाबायचा धीर होईना.

"दाबा," केसरबाई हळूच म्हणाल्या. "तो आता हळवा नाही."

मिसेस पिंटोंनी दोन्ही हात एकदम खाली आणले. चार वर्षं कोंडलेला आवाज छताला जाऊन भिडला, रंगीत काचा झणझणल्या, आणि बाकांवरची माणसं कुणी न सांगता उभी राहिली. म्हाताऱ्या बाई वाजवता वाजवता मोठ्यानं हसत होत्या, लहान मुलीसारख्या. भिकनआबांना कानांनी पुरतं ऐकू येत नव्हतं. ते उठले, हळूहळू चालत ऑर्गनपाशी गेले आणि त्याच्या लाकडाला दोन्ही तळवे लावून उभे राहिले.

एक गाणं संपलं. मिसेस पिंटोंनी बाजूला सरकून बाकावर जागा केली आणि केसरबाईंना ओढून जवळ बसवलं.

"मला वाजवता येत नाही," केसरबाई गडबडून म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. एवढ्या पेट्या केल्या, पण वाजवायचा तो नेहमी आधार.

"ही एकच पट्टी," मिसेस पिंटो म्हणाल्या, आणि त्यांचं बोट धरून डावीकडच्या अगदी शेवटच्या, सगळ्यात खालच्या सुरावर ठेवलं. "मी मान हलवली की दाबून धर. सोडू नकोस."

दुसरं गाणं सुरू झालं. मिसेस पिंटोंनी मान हलवली. केसरबाईंनी पट्टी दाबली, आणि पायाखालची फरशी गायला लागली.